साडेसहाशे डॉलरात माउंड: मुलांच्या बेसबॉल मैदानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीच्या मधल्या भागात म्हणजे सेंट्रल जर्सीत राहतो, टाउनशिपचं नाव लिहीत नाही, माणसंही बिननावाचीच ठेवतोय. इथे मुलांची बेसबॉल लीग म्हणजे सगळा कारभार आईबापांनीच ओढायचा, कोणी कोच, कोणी हॉटडॉग विकतं, कोणी रेषा मारतं. त्या वर्षी मी मीटिंगला वीस मिनिटं उशिरा पोचलो आणि तोपर्यंत "फील्ड मेंटेनन्स" सोडून बाकी सगळी कामं वाटून झाली होती. मला तोवर बेसबॉलचं एवढंच माहीत की पोरगा क्रिकेट सोडून त्याच्या नादाला लागलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माउंड म्हणजे पिचर जिथून बॉल टाकतो तो मातीचा गोल उंचवटा. त्यावर एक पांढरी रबराची पट्टी पुरलेली असते, तिला रबरच म्हणतात, तिला पाय लावून बॉल टाकायचा आणि पुढच्या उतारावर दुसरा पाय टेकवायचा. दिसायला वारुळासारखा दिसतो पण मापं एकदम कडक. मोठ्यांच्या मेजर लीगमध्ये रबर होम प्लेटच्या (बॅटिंगवाला उभा राहतो तिथे जमिनीत बसवलेली पाचकोनी पांढरी पाटी) मागच्या टोकापासून ६० फूट ६ इंचावर आणि प्लेटपेक्षा १० इंच उंच. ही उंची आधी १५ इंच होती, १९६८ च्या सीझनला पिचर लोकांनी बॅटिंगवाल्यांना इतकं रडवलं (बॉब गिब्सन नावाच्या पिचरचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्यावर निघालेल्या रनांची सरासरी, त्या वर्षी १.१२ होता) की १९६९ पासून सरळ ५ इंच माती कापली. म्हणजे पाच इंचाने खेळाचं पारडं फिरतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमची पोरं ११-१२ वर्षांची, त्यांना लिटिल लीगची मापं: अंतर ४६ फूट, उंची ६ इंच, रबर १८ बाय ४ इंच, माउंडचा व्यास १० फूट.

अडचण काय होती

जूनमध्ये सीझन संपला तेव्हा रबरच्या पुढे एक आणि पाय टेकतो तिथे एक असे दोन खड्डे पडले होते, दुसरा चांगला चार इंच खोल. पाऊस पडला की दोन्हीकडे तळं, मग कोणीतरी बादलीने पाणी उपसायचं, वरून कोरडी माती टाकायची, आणि दुसऱ्या इनिंगला ती माती मुलांच्या बुटाला चिकटून डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडू बसतात त्या बाकापाशी. दोन मुलांचे घोटे मुरगळले. पोरं खड्डा टाळायला पाय तिरका टाकायला लागली, त्यामुळे बॉल कुठेही जायला लागले.

लीगच्या खात्यात या कामासाठी ६५० डॉलर होते, आणि खजिनदार बाईंनी मीटिंगमध्येच सांगितलं की एक डॉलर वर मिळणार नाही.

आता यात एक योगायोग झाला तो म्हणजे माझे सासरे. अण्णा पीडब्ल्यूडीत ज्युनियर इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले, आणि तिसऱ्या आठवड्यापासूनच टीव्हीला, मॉलला आणि आमच्या लॉनला कंटाळलेले. त्यांना मैदान बघायला नेलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि पहिला प्रश्न, "आधीचं माप कुणी घेतलंय?" कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणून टेप लावली. रबर ४६ च्या जागी ४७ फूट ५ इंचावर निघालं. मी म्हटलं टेप वाकडी धरली असेल, परत घेतलं, तेच. अण्णा होम प्लेटपाशी जाऊन बसले आणि प्लेटच मोजली, पुढच्या कडेपासून मागच्या टोकापर्यंत बरोबर १७ इंच. म्हणजे कोणीतरी कधीतरी ४६ फूट मोजले ते प्लेटच्या पुढच्या कडेपासून, आणि नियम आहे मागच्या टोकापासून. किती वर्षं आमची पोरं १७ इंच लांबून बॉल टाकत होती देव जाणे, आणि आम्ही कठड्यावरून ओरडत होतो की जरा जोर लाव.

उंचीचं माप घ्यायला लेसर लेव्हल भाड्याने आणणार होतो, अण्णा म्हणाले, "अहो, कशाला पैसे घालवता, लेव्हल ट्यूब आणा." आपल्याकडे गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी. ६० फूट नळी, त्यात पाणी, एक टोक प्लेटपाशी काठीला बांधलेलं, दुसरं रबरपाशी. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, मग त्या पातळीपासून खाली प्लेट किती आणि रबर किती ते मोजायचं, वजाबाकी केली की झाली उंची. पाण्यात जरा निळा रंग टाकला की उन्हातही दिसतं. खर्च २४ डॉलर आणि चूक फार तर एखादा सूत.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. रबर खचून प्लेटपेक्षा फक्त ४ इंच वर राहिलं होतं. आणि दुसरी जास्त कामाची, माउंडच्या भोवतालची जमीनच प्लेटपेक्षा दीड इंच वर होती, कारण पाणी निघून जावं म्हणून मैदानाचा मधला भाग थोडा चढता ठेवतात. नियमातली उंची प्लेटपासून धरतात, बाजूच्या गवतापासून नाही. म्हणजे आम्हाला गवतापासून साडेचार इंचच चढवायचं होतं. हे न बघता सहा इंच चढवले असते तर माती, पैसे आणि माप तिन्ही चुकलं असतं.

कोणते पर्याय समोर होते

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलं ३,८०० डॉलरचं. तिथेच विषय संपला.

पोर्टेबल माउंड हा दुसरा, म्हणजे फायबरचा किंवा फोमचा तयार उंचवटा, वर खोटं गवत, गाडीवर घालून आणायचा आणि न्यायचा. चांगल्यातला दोन हजारांच्या पुढेच. पण टाउनशिपच्या माणसाचा आग्रह हाच होता आणि त्याला कारण होतं, ते कारण आम्हाला आधी माहीतच नव्हतं. त्या मैदानावर सप्टेंबरमध्ये मुलींचं सॉफ्टबॉल लागणार होतं. सॉफ्टबॉलला माउंड नसतो, सपाट जागेवरून टाकतात, आणि १२ वर्षांखालच्या मुलींचं अंतर ४० फूट. आता ४६ फुटावर रबर असलेल्या माउंडची पुढची कड येते ४० फुटाच्या आसपासच, म्हणजे त्या पोरींनी आमच्या ढिगाच्या पायथ्याशी उभं राहून खेळायचं.

इथे पहिला निर्णय होता आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा हाच. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं की आधी बांधून टाका, मग बघू. मी आणि लीगच्या अध्यक्षांनी सॉफ्टबॉलच्या कोच बाईंना आधी गाठलं. पलीकडे दुसरं मैदान आहे, तिथे माउंड नाही पण बॅकस्टॉपची, म्हणजे प्लेटच्या मागे बॉल अडवायची, जाळी फाटलेली. ठरलं असं की सॉफ्टबॉल तिकडे जाईल आणि जाळी आमचे लोक शिवून देतील. याला तीन आठवडे आणि मोजून एकतीस ईमेल लागले. माती वाहायला त्याच्या निम्मा वेळ लागला.

उरला प्रश्न मातीचा. माउंडची खास चिकण माती पोत्यांत मिळते, ५० पौंडाचं पोतं, आम्हाला १७ डॉलरला पडत होतं. अण्णांनी पाकिटाच्या मागे हिशोब केला: १० फूट व्यास, साडेचार इंच उंच शंकू म्हणजे साधारण १० घनफूट, वरची सपाट जागा आणि जुने खड्डे धरून १५, कुटल्यावर माती दबते म्हणून सैल माती २० घनफूट. "शून्य पूर्णांक दोन ब्रास," असं म्हणून त्यांनी पेन ठेवलं. एवढं सगळं पोत्यांनी करायचं तर ३५ च्या वर पोती, म्हणजे सहाशे डॉलर नुसत्या मातीतच गेले, रबर नाही, ताडपत्री नाही.

दुसऱ्या टोकाला, इनफील्डची, म्हणजे मैदानाच्या आतल्या पळायच्या भागाची, साधी माती, ७५ डॉलरला एक घनयार्ड (२७ घनफूट). स्वस्त आहे पण त्यात वाळू बरीच, साधारण दोन तृतीयांश, ती पळायला आणि घसरायला चांगली, पण एकाच जागी शंभर वेळा बुटाचे खिळे घुसले की खड्डा पडणारच. आमचा जुना माउंड बहुतेक याच मातीचा होता.

जमिनीतली लाल माती वापरू असंही एकजण म्हणाला. सेंट्रल जर्सीत खणलं की लालसर माती निघते, मला तर ती बघून कोकणच आठवतं, पण ही जांभ्याची नाही, लाल शेल खडक कुजून झालेली, त्यात खडकाच्या चपट्या चिपा. एका बरणीत माती आणि पाणी घालून हलवून ठेवलं: वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ काही तासांत, चिकण भाग दिवस-दोन दिवस तरंगत राहतो. आमच्या बरणीत खाली चिपांचाच थर जास्त. शिवाय त्या चिपा चाळणार कोण, आणि एखादी राहिली आणि मूल त्यावर पडलं तर. नको म्हटलं.

आणि विटा. कच्च्या चिकणमातीच्या विटा मिळतात, न भाजलेल्या, त्या पाय टेकण्याच्या जागी फरशीसारख्या बसवायच्या, वरून पातळ थर. टिकायला सगळ्यात भारी, पण महाग, आणि आमच्याकडे बसवायचा अनुभव शून्य. (एका बाबाने "दुकानातल्या लाल विटा टाकू" असं सुचवलं होतं. भाजलेली वीट. मुलांच्या पायाखाली. त्याला नंतर लिंबूपाण्याच्या स्टॉलवर बसवलं.)

शेवटी ठरलं ते मधलं: पोटात साधी इनफील्डची माती, आणि महागाची चिकण माती फक्त जिथे पाय पडतो तिथे, तीन इंच जाड.

पाय नेमका कुठे पडतो

हे अंदाजाने ठरवलं असतं तर चुकलंच असतं. मापांची चित्रं मिळतात त्यात लँडिंगची, म्हणजे पुढचा पाय टेकायची, जागा मोठ्या माणसाच्या ढांगेची असते. आम्ही नवीन जागी, ४६ फुटावर, जुनं रबर नुसतं जमिनीवर ठोकलं, पुढे सहा फुटांपर्यंत रेषा मारायची पांढरी पावडर पसरली आणि पाच पिचर पोरांना दहा-दहा बॉल टाकायला लावले. पावलांचे ठसे आरशासारखे उमटले. सगळे अडीच ते पाच फुटांमध्ये, रुंदी तीन फुटांच्या आत, एक डावखुरा होता त्याचे ठसे जरा वेगळ्या बाजूला, पण चौकटीतच. म्हणजे लँडिंगसाठी तीन फूट बाय अडीच फूट, आणि रबरभोवती तीन बाय दोन. दोन्ही मिळून कुटलेली माती चार घनफुटाच्या आत. दहा पोती, दोन जास्तीची धरून बारा.

चिकण मातीचं सहाशेचं काम दोनशे चार डॉलरवर आलं ते त्या पावडरमुळे. मला विचाराल तर सगळ्या कामातला हा अर्धा तास सगळ्यात वसूल झाला.

प्रत्यक्ष काम

खणायच्या आधी ८११ ला फोन केला. इथे कुठेही खणायचं तर आधी या नंबरला कळवावं लागतं, मग माणसं येऊन जमिनीखालच्या लाइन्सच्या खुणा करून जातात, निळी म्हणजे पाणी, पिवळी म्हणजे गॅस, लाल म्हणजे वीज. फुकट असतं. आमच्या माउंडपासून सात फुटांवर निळी रेघ निघाली. बरं झालं टिकाव घातला नव्हता.

पहिला शनिवार फुकट गेला आणि तो माझ्यामुळे. एका पालकाच्या ओळखीत बांधकाम चालू होतं, तिथली काळी माती तो फुकट देत होता, मी हो म्हणून बसलो. पोटात काय, कुठलीही चालते, दिसणार थोडीच आहे, असा माझा विचार. सकाळी ट्रक आला, आम्ही सहाजणांनी फावडी मारून पसरली, कुटली. धुम्मस मारलं की माती खाली जायची आणि उचललं की परत फुगायची, गादीसारखी. अण्णा दुपारी आले, मूठभर उचलली, वास घेतला. "ही माती आहे की खत? यात मेथी लावा." वरच्या थराची माती, मुळं, कुजकं पान भरलेलं, ते कुजत राहणार आणि माउंड खचत राहणार. ती ठेवायची का काढायची यावर अर्धा तास वाद झाला, लोकांचे हात दुखत होते, उन्हाने डोकी तापली होती. मी म्हटलं काढू या. कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी पिझ्झा माझ्याकडून झाला असं समजा, म्हणजे लीगच्या ५८ डॉलरांत पिझ्झा आणि लिंबूपाणी. ती माती कुंपणाजवळ टाकली, तिथे आता कोणीतरी खरंच झेंडू लावलाय.

दुसऱ्या शनिवारी इनफील्डची माती आली. कमीत कमी एक घनयार्डच विकतात, गरजेपेक्षा जास्त. डिलिव्हरीचे पैसे मातीपेक्षा जास्त सांगत होते, म्हणून एका बाबाच्या पिकअपमधून तीन फेऱ्यांत आणली, एका फेरीत आणू नका, एक यार्ड माती एका टनाच्या वर भरते, गाडीचे स्प्रिंग बसतील.

मग खरं काम. हे करताना मला सारखं आजोळ आठवत होतं. कुडाळकडे पाऊस गेला की दिवाळीच्या आधी खळं करायचे, अंगण उकरायचं, पाणी मारायचं, तुडवायचं आणि मग सगळे उकिडवे बसून चोपण्याने चोपायचे, वर शेणाचं सारवण. आजीचा नियम, एकदम जाड थर टाकायचा नाही आणि पाणी आवडेल तितकं ओतायचं नाही. इथे इंग्रजीत तेच सांगतात फक्त शेण सोडून. एक इंच माती, हलकं पाणी, कुटणं, मग त्यावर दाताळ्याने ओरखडे मारायचे, मग पुढचा इंच. ओरखडे विसरलो तर थर एकमेकांना धरत नाहीत, चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. आम्ही दोन थरांमध्ये विसरलो, ते लगेच कळलं, कडेने अख्खी पोळी उचलून आली.

ओलावा किती ते मुठीवर ठरतं. मूठ दाबली की गोळा राहिला पाहिजे, तळहाताला चिकटता कामा नये आणि दोन बोटांत दाबला तर तुटला पाहिजे, भुगा नाही. उकडीच्या मोदकाची पारी करताना उकड जशी लागते ना, तसं काहीतरी. चिकण मातीला आम्ही पहिल्यांदा जास्त पाणी घातलं, ती धुम्मसालाच चिकटून वर यायला लागली. मग धुम्मसाच्या तळाला जुना टॉवेल बांधला, सुटली. ऑगस्टचं ऊन होतं त्यामुळे उलटंही झालं, जेवायला गेलो तेवढ्यात उघडा राहिलेला थर तडकला, म्हणून मग अर्ध्या अर्ध्या तासाने ओलं गोणपाट टाकत राहिलो.

उतारासाठी अण्णांनी एक पाच फुटी सरळ फळी घेतली, तिच्या एका टोकाला खालून पाच इंची ठोकळा मारला, वर स्पिरिट लेव्हल. नियम असा की रबरच्या पुढे सहा इंच सपाट, मग दर फुटाला एक इंच उतार. फळीचं ठोकळ्याचं टोक पुढे ठेवायचं, लेव्हलचा बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर. साडेचार इंच उंची साडेचार फुटांत संपते, वरचे सहा इंच धरून रबरपासून पाच फूट, म्हणजे दहा फुटी गोलात छान बसतं. मागे आणि बाजूला नुसतं गोल करून गवताला मिळवलं, तिथे कोणी मापं बघत नाही.

रबर बसवताना दुसरा वाद. एकाचं म्हणणं रबर आधी बसवा आणि भोवती माती भरा, अण्णांचं म्हणणं आधी पूर्ण कुटा आणि मग खाचा पाडून बसवा. अण्णांच्या पद्धतीने काम दुप्पट झालं, पण खालची माती रबर ठेवण्याआधीच घट्ट झालेली होती. प्लेटच्या मागच्या टोकापासून सेकंड बेसच्या (माउंडच्या पलीकडे, प्लेटच्या बरोबर समोरचा बेस) मध्यापर्यंत दोरी ताणली, रबरचा मध्य त्या दोरीखाली, पुढची कड ४६ फुटावर, माथा नळीने प्लेटपेक्षा सहा इंच वर. तिन्ही जमेपर्यंत रबर चार वेळा काढलं. तिसऱ्या वेळेला पिकअपवाला बाबा म्हणाला की नासाचं काम पण याच्यापेक्षा ढिलं असतं.

सगळ्यात वर भाजलेल्या चिकणमातीचे बारीक दाणे, कंडिशनर म्हणतात, पाव इंच पसरले. ते पाणी शोषतात आणि बुटाला माती चिकटू देत नाहीत. आणि ताडपत्री.

खर्च झाला तो असा: माती ७५, चिकण माती २०४, नवीन रबर ६२, धुम्मस ४२, कंडिशनरची दोन पोती ३२, ताडपत्री ३८, नळी २४, फळी-दोरी-खिळे १९, आणि पिझ्झा-लिंबूपाणी ५८. एकूण ५५४. मी खजिनदार बाईंना जरा ऐटीतच मेसेज केला.

पुढे काय झालं

सप्टेंबरची पहिली मॅच वाईट गेली, स्पष्टच सांगतो. माझ्या मुलाने पहिल्याच इनिंगमध्ये चार जणांना वॉक दिला (चार बॉल चुकीचे पडले की बॅटिंगवाल्याला फुकट पहिला बेस मिळतो), बॉल सगळे डोक्यावरून. दुसऱ्या पोराचंही तेच. एका आईने मला गाठून विचारलं की हे तुम्ही नीट केलंय ना. बरोबर केलं होतं, तोच प्रॉब्लेम होता, पोरांचे हात १७ इंच लांबच्या आणि दोन इंच खालच्या जागेवर तयार झालेले. आम्ही त्यांना नवीन माउंडवर दोन प्रॅक्टिससुद्धा दिल्या नव्हत्या, काम शुक्रवारी संध्याकाळी संपवून शनिवारी मॅच. तिसऱ्या आठवड्यापासून जमायला लागलं.

पावसाचा फरक मात्र लगेच दिसला. ऑक्टोबरमध्ये रात्रभर पाऊस झाला, सकाळी ताडपत्री काढली, माउंड कोरडा, मॅच अर्धा तास उशिरा पण झाली, आणि त्या उशिराचं कारणही होम प्लेटभोवतालचं पाणी, माउंड नाही.

गोंधळ दुरुस्तीत झाला. मॅचनंतर करायचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे: खड्ड्यातली सैल माती झाडून काढायची, आत ओलं करायचं, चिकण माती भरायची, कुटायची, झाकायची. मी हे तीन कोचना दाखवलं होतं, चौथ्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने दोन आठवडे खड्ड्यात सरळ कंडिशनरचे दाणे ओतले, वरून सपाट दिसतं एकदम. दाणे काही एकमेकांना धरत नाहीत, गोट्या भरल्यासारखं, पोरगं पाय टेकवतं आणि पाय सरकतो. ते सगळं उकरून काढलं, जास्तीची दोन पोती संपली होती, आणखी सहा आणली. १०२ डॉलर. एकूण झाले ६५६. वरचे सहा डॉलर खजिनदार बाईंनी स्वतःच्या पर्समधून दिले आणि ते मला अजून ऐकवतात.

ताडपत्रीचंही एक. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातली १२ बाय १६ घेतली, माउंडपेक्षा मोठी, सप्टेंबरच्या उन्हात चार दिवस सलग टाकून ठेवली, आणि भोवतालचं गवत पिवळंजर्द. टाउनशिपच्या माणसाने फोटो पाठवला, खाली काही लिहिलंच नव्हतं.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर गेलो तर रबर डावीकडून उचललेलं. ओली माती गोठली की फुगते, रबरच्या मागे सपाट भागात पाणी साचून आत गेलं असणार. नळी लावली, माप आलं सव्वा इंच. मी घाबरून पुण्याला व्हिडिओ कॉल केला, तिकडे रात्रीचे साडेदहा. अण्णांनी फोन नळीच्या पूर्ण लांबीवरून फिरवायला लावला आणि मध्येच म्हणाले, "थांबा. तो बुडबुडा काढा आधी, मग मोजा." नळीत हवा अडकली होती, त्याने पातळी खोटी दाखवत होती. हवा काढल्यावर अर्धा इंच निघाला. रबर काढून खालची माती उकरली, परत कुटली, बसवलं, दोन तासांचं काम.

परत करायचं झालं तर

माती कधीच फुकटची घेणार नाही, बरणीची परीक्षा आधी. हे मी आता टाउनशिपच्या झेंडूंकडे बघून दर वेळी म्हणतो.

काम जुलैतच संपवेन, म्हणजे पोरांना सराव मिळेल, आणि ऑगस्टच्या उन्हात तडे शिवत बसावं लागणार नाही. रबरच्या मागच्या सपाट भागाला अगदी किंचित मागे उतार देईन, आम्ही तो पाटासारखा सपाट केला आणि तिथेच पाणी थांबलं. हिवाळ्याआधी ताडपत्री नीट वाळूच्या पिशव्यांनी दाबून झाकेन, आम्ही नोव्हेंबरात शेवटच्या मॅचनंतर ती गुंडाळून शेडमध्ये ठेवून दिली होती, जणू माउंडलाही सुट्टी.

विटांबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. सहा जास्तीची पोती गेली ती कोचच्या चुकीने गेली की मातीनेच जाणार होती, हे एक सीझन नीट दुरुस्तीवर चालवल्याशिवाय कळणार नाही. पैसे असते तर मी फक्त लँडिंगच्या चौकटीत कच्च्या विटा टाकून बघितल्या असत्या. पण मग दुरुस्ती कोण शिकलं असतं, सगळे म्हणाले असते विटा आहेत, काय व्हायचंय.

आणि दुरुस्तीची माहिती तोंडी न सांगता शेडच्या दाराला एक कागद लावेन. तो आता लावलाय, चित्रांसकट, मुलीने काढलेली चित्रं. कंडिशनरच्या पोत्यावर लाल फुली मारलेली आहे आणि खाली मोठ्या अक्षरात "खड्ड्यात नाही."

पलीकडच्या मैदानावर सॉफ्टबॉलच्या कोच बाईंनी त्यांचं ४० फुटांचं अंतर आमच्याकडून तपासून मागितलंय. शनिवारी टेप घेऊन जायचंय, यावेळी प्लेटच्या मागच्या टोकापासून.